पहिल्या रिळाला मास्तर बोलत नसत

चित्र सुरू झाल्यावर शेजारचा माणूस बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तुमचं वय झालंय, लोकांच्या तोंडाला कुलपं लावत फिरू नका. पण हा वयाचा दोष नव्हे. हे खूळ मला कासममास्तरांनी लावलं. आणि गंमत अशी की चित्र चालू असताना बोलणं हेच मुळी कासममास्तरांचं काम होतं.

अमरावतीच्या चंद्रविलास टॉकीजमध्ये मी मशीन चालवायचो, तेव्हाची ही गोष्ट. दुसरी मोठी लढाई संपत आली होती, वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालत होता आणि मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या मिळायची मारामार होती. रविवारी दुपारी आमच्याकडे इंग्रजी खेळ लागायचा. त्याला यायचे कोण? बाजारात संत्री आणि भाजी विकणारे माळी, साबणपुऱ्यातले अत्तरवाले, कापसाच्या जिनातले कामगार, थोडी कॉलेजची पोरं. यातल्या बहुतेकांना इंग्रजी म्हणजे पोलीस आणि रेल्वे यांच्यापुरतं. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला सागवानी स्टुलावर एक माणूस बसायचा आणि पडद्यावरची माणसं काय बोलतायत ते मोठ्यानं वऱ्हाडीत सांगायचा. तो माणूस म्हणजे कासममास्तर.

मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पडद्याजवळ हातात छडी घेऊन बसतात म्हणून लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. त्याआधी ते कोर्टात दुभाषी होते. साक्षीदाराचं मराठी-उर्दू साहेबाला इंग्रजीत सांगायचं. तिथंही त्यांच्या अंगातलं नाटक गप्प बसत नसे. एका खटल्यात साक्षीदार बाई धाय मोकलून रडली, तर मास्तरही तसंच रडत रडत इंग्रजी बोलले. साहेबानं विचारलं, "यातलं तुमचं किती आणि तिचं किती?" ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

उंच, काटकुळा माणूस. कोपरावर विरलेली काळी शेरवानी, डोळ्यांत सुरमा, गालात कायम एक लवंग. बोलायचं असलं की छडी जमिनीवर दोनदा आपटायची, की मी वर मशीनच्या खोलीत आवाजाचं बटन फिरवून पडद्यावरच्या साहेबांना हळू करायचो. मग मास्तरांचा खणखणीत आवाज घुमायचा. "हा वकील हाये बरं का. हासून राहिला, म्हंजे अशील मेला!" सगळं थिएटर खदाखदा हसायचं. पडद्यावरचा वकील खरंच तसं काही म्हणाला होता की नाही, याची चौकशी कुणी करत नसे.

पण लढाईच्या शेवटी शेवटी एक वेगळ्याच जातीचे खेळ यायला लागले. रात्रीची शहरं, ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, टोपीखाली अर्धा झाकलेला चेहरा, आणि पहिल्याच रिळात कुणाचा तरी मुडदा. मास्तर त्यांना 'अंधाराचे पिच्चर' म्हणायचे. या खेळांना त्यांनी जो जीव लावला तो कशालाच लावला नाही. त्यांनी एक नियम करून टाकला. अंधाराच्या पिच्चरला पहिल्या रिळाला मास्तर बोलणार नाहीत. छडी मांडीवर आडवी ठेवायची आणि मान खाली घालून बसायचं.

लोक खवळले. लोकांना वाटलं, बोलणारा माणूस फुकट बसून राहिला. एका रविवारी मागून कुणी ओरडलं, "मास्तर, बोला ना! झोपले काय?"

मास्तर उठले, छडी आपटली आणि म्हणाले, "देवानं कान देल्ले, ते काय बिडी खोसाले? आयका जरासक. बोलाचं आलं की मी बोलतोच हाओ."

हशा झाला आणि मग खरंच सगळे गप्प झाले. त्या शांततेत ओल्या रस्त्यावरून कुणाचे तरी बूट वाजत आले. पुढच्या बाकावरच्या एका माळ्यानं शेजाऱ्याचा दंड पकडला होता, तो रीळ संपेपर्यंत सोडला नाही. हे मी मशीनच्या खोलीतल्या भोकातून पाहिलं.

मला मास्तरांनी हे सारं नीट बसवून शिकवलं. रिळांची नवी पेटी आली की सकाळी रिकाम्या थिएटरात आम्ही एकदा रिळं चालवून बघायचो. एकदा ते म्हणाले, "नारायण, आवाज पूरा बंद कर." मी केला. पडद्यावर नुसता रस्ता आणि चालणारे बूट. मास्तरांनी विचारलं, "भेव वाटते काय?"

मी म्हटलं, "बुटाचं काय भेव मास्तर?"

"मंग आता भिंगासमोर हात धर. चित्र बंद, आवाज चालू."

पडदा काळा झाला. नुसते पाय वाजत आले. एक बूट जरासा कुरकुरत होता. पाय थांबले. काडी ओढल्याचा आवाज. मग लांबून दुसरेच पाय. आणि काडी फुंकरीनं विझली. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील, बाहेर भाजीबाजाराचा कालवा चाललेला, आणि माझ्या पाठीला घाम फुटला.

"पाह्य," मास्तर म्हणाले, "आवाज पयले येते. सावली मंग येते. मानूस सर्वात शेवटी येते. या तिघाच्या मधात जे थांबनं हाये ना राज्या, सारी भीती तिथंच बसून राहते. अन् या पिच्चरवाल्याचा क्यामेरा कसा चालते? कुत्र्यासारका, जमिनीजवून. कावून? तिथून पाह्यलं की आपल्याले वाटते, आता कोनी लाथ मारते."

"आणि सगळा आवाज थांबला तर?" मी विचारलं.

मास्तरांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "ते खरं मरन. आवाज थांबला म्हंजे त्याले आता दाखवाचं हाये. तवा फक्त डोये पाहिजेत."

हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं होतं. मला ते पुढं फार छळणार होतं.

कान मात्र मास्तरांचे विलक्षण. मशीनच्या खोलीचा जिना चढताना मी दिसायच्या आधीच वरून हाक यायची, "ये नारायण. डाव्या पायाची चप्पल घासून राहिली लेका, मोच्याकडे जाय." मला कौतुक वाटायचं. कान तयार झालेत म्हणून मी दहा लोकांना सांगितलं असेल. कान एवढे का तयार झाले, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते कळलं ते एका सकाळी. नवी पेटी आली होती. मी मशीन चालू केलं आणि भिंगापुढची पत्र्याची झापड उघडायलाच विसरलो. झापड बंद असली तरी फिल्म आतून फिरतेच, आवाजही येतो, फक्त पडद्यावर काही पडत नाही. खाली मास्तर स्टुलावर बसून रंगीत तालीम केल्यासारखे बोलत होते. "हा आला पाहा मोटारीतून. उतरला. कोट झटकून राहिला. आता त्यानं वर खिडकीकडे पाह्यलं."

मी भोकातून पाहिलं तर पडदा काळाकुट्ट.

माझा हात झापडीवर गेला तो तिथंच राहिला. मास्तर बोलतच होते. कोटाचा रंगसुद्धा सांगत होते. मी मशीन बंद केलं, खाली गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"कावून बंद केलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मास्तर, झापड लागलेली होती. पडद्यावर काही नव्हतंच."

मास्तर छडीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले. मग म्हणाले, "उन्हात दिसते रे थोडंसं. बांबूच्या नयीतून पाह्यल्यासारकं. समोरचं दिसते, बाजूचं नाही. पन इथं अंधारात काही नाही. अन् हे पिच्चरबी असे, कायावर काया रंग. उजेडाचे खेळ राह्यले असते त ढकललं असतं काही दिवस."

नागपूरच्या डॉक्टरानं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर येत नाही, आहे ती राखा, असं म्हणाला. पण राखायची कशी? मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं, सकीनाभाभींनी, काय काय केलं नाही! भाभी रोज गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. कुणी मध सांगितला, तो डोळ्यांत घातला. त्यानं दोन दिवस डोळे सुजले. एका हकिमाचा सुरमा आला. दर्ग्यात चादर चढली. भाभींनी माझ्या बायकोबरोबर गुपचूप अंबादेवीला नारळ पाठवला आणि मास्तरांना सांगू नका म्हणाल्या. चिखलदऱ्याच्या जंगलातून कुणी मुळी आणून दिली, तीही उगाळून झाली. प्रत्येक नव्या औषधानंतर मास्तर सकाळी दारात उभे राहून समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचून बघत. ती जाहिरात त्यांना पाठ होती, त्यामुळे त्यांना ती रोज वाचता यायची. भाभी पदरात तोंड लपवून आत जायच्या.

त्या सकाळी रिकाम्या थिएटरात मास्तरांनी माझा हात पकडला. माणसाच्या हाताला एवढा जोर येतो तो बुडतानाच. म्हणाले, "शेटजीले सांगू नोको. मले त्या स्टुलावरून उठवू देऊ नोको नारायण. घरी बसलो त मी नुसता आंधया होईन. इथं मी मास्तर हाओ."

मी म्हटलं, "रिळं आपण दोनदा चालवू, तीनदा चालवू. मी पाहून सांगतो. तुम्ही आवाजावर ध्यानात ठेवा."

आणि आम्ही ते जमवलं. अंधाराचा खेळ आला की सकाळी मी रीळ चालवायचो आणि वरून ओरडून चित्र सांगायचो. "बाई उभी राहिली! हातात पेला!" मास्तर खाली मान डोलवत पेल्याचा आवाज, बाईची टाच, दाराची बिजागरी सारं मनात टाचून घ्यायचे. दुपारी थिएटर भरलं की पहिलं रीळ गप्प, आणि दुसऱ्या रिळापासून असे सुटायचे की कुणाच्या बापाला संशय येऊ नये. उलट लोक म्हणायला लागले, मास्तरांचं बोलणं आता जास्तच रंगतंय. मलाही वाटायला लागलं होतं की हे असंच चालून जाईल. पण रोज जिना उतरताना मास्तर भिंतीला बोटं लावून उतरायचे.

आमचे शेटजी, टॉकीजचे मालक, माणूस वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत मालकाला राक्षस करायची पद्धत आहे. पण धंदा तो धंदा. दुसऱ्या टॉकीजनं इंग्रजी खेळाला नवा बोलका माणूस ठेवला होता आणि तो सुरुवातीच्या नावांच्या पाट्या दिसल्यापासून जे तोंड सोडायचा ते दिवे लागेपर्यंत. आमची रविवारची गर्दी तिकडं सरकू लागली. एका शनिवारी शेटजी म्हणाले, "मास्तर, कल से शुरू से बोलना. पब्लिकले बोलनं पाहिजे. चुप रहने का अपना शौक घर में रखो."

मास्तर म्हणाले, "पयल्या रिळात बोललं की पिच्चर मरते शेटजी."

"नहीं बोला तो टॉकीज मरती है," शेटजी म्हणाले.

त्यातून नव्या खेळाची पेटी शनिवारी आली नाही. बडनेऱ्याला गाडी बदलताना मागं राहिली. रविवारी दुपारी बाहेर तिकिटाची रांग लागली तेव्हा स्टेशनवरून टांगा आला. रिळं बघायला वेळच नव्हता. मी मास्तरांना बाजूला घेतलं. "आज ताप आला म्हणून सांगा. मी सांगतो शेटजींना."

मास्तर शेरवानीची बटणं लावत होते. एक बटण भोकात जाईना. ते म्हणाले, "आज नाही बसलो त उद्या दुसरा बसन. मी आवाजावर चालवतो. पस्तीस साल मी लोकाच्या आवाजावरून खरंखोटं ओयखलं हाये. तू फक्त एक कर. मी छडी आपटली तरी आवाज कमी करू नोको. आवाज गेला की माये डोये गेले."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. तरी त्यांनी लवंग तोंडात टाकली आणि पडद्याकडे चालत गेले, रांगेतल्या बाकांना एक एक करून हात लावत.

खेळ सुरू झाला. एक खोली. खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर तुरुंगाच्या गजांसारखी पडलेली. आरशासमोर पाठमोरी बाई केस विंचरते आहे. कॅमेरा तिच्या हातावरून हलतच नाही. चेहरा नाही, आरसा नाही, नुसता फणी धरलेला हात. आणि आवाज? कुठंतरी नळ ठिबकतोय. घड्याळ चालू आहे. मग खूप खालून जिन्यावर पाऊल.

मास्तरांनी छडी आपटली. "कोनी येऊन राहिलं!"

थिएटरात सन्नाटा झाला. पडद्यावर नुसता हात आणि फणी, येणारा कुणी दिसत नाही, आणि मास्तर सांगतायत की कुणी येतंय. लोकांना वाटलं, मास्तरांनी ही नवीच करामत काढली. मास्तरांचा आवाज खाली आला. "भारी पाय हाये. गडी मानूस. एक पाय घासत येते, लंगडा असन. थांबला. दम घेऊन राहिला." पुढच्या बाकावर कुणीतरी "या अल्ला" म्हणालं. शेटजी माझ्या खोलीत येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "आवाज कमी कर, मास्तर ऐकू येत नाहीत." मी ऐकलंच नाही असं केलं. ते पुन्हा ओरडले. मी कार्बनची कांडी सारखी करत राहिलो.

खरं सांगतो, त्या काही मिनिटांत मी असं काही पाहिलं जे त्या चित्रवाल्यांनीही पाहिलं नसेल. आवाज चित्राच्या पुढं धावत होता आणि आंधळा माणूस त्या आवाजावर बसून आमच्या सगळ्यांच्या पुढं निघाला होता. दाराची मूठ कुरकुरली, मास्तर म्हणाले, "आला. दारात आला." पडद्यावर फणी थांबली. मला वाटलं, निभावलं. मी मनात अंबादेवीला हात जोडले.

आणि मग त्या चित्रानं सगळा आवाज काढून घेतला.

नळ थांबला. घड्याळ थांबलं. पाऊल नाही, श्वास नाही. मशीनची घरघर तेवढी माझ्या खोलीत. कॅमेरा बाईच्या हातावरून निघाला, हळूहळू खांद्यावर आला, केसांवरून वर चढला, आणि आरशात तिच्या मागं तो माणूस उभा होता. टोपी घातलेला, अगदी स्थिर. अख्ख्या थिएटरानं श्वास आत घेतला आणि सोडला नाही.

त्या शांततेत मास्तर वाट पाहत होते. कान टवकारून, मान तिरकी करून. काहीच येईना. त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. पहिल्या रिळापासून बोला असा हुकूम होता. मग ते सुटल्यासारखे हसले आणि म्हणाले, "कोनी नाही बाप्पा. खोली रिकामी हाये. तिले भास झाला."

आधी एक जण हसला. मग दहा. मग सगळं थिएटर. बाकं बडवली. पडद्यावर खुनी बाईच्या गळ्याकडे हात नेत होता आणि खाली लोक डोळे पुसून हसत होते. मास्तर उभे राहिले. छडी खाली पडली. ते वाकून चाचपायला लागले, ती सापडेना. मग तसेच लोकांकडे तोंड करून, त्यांचा नेहमीचा नाटकी आवाज नव्हे, घरातला साधा आवाज काढून म्हणाले, "काय दिसून राहिलं? सांगा ना कोनी. काय दिसून राहिलं?"

हसणं जागच्या जागी थांबलं. एवढे लोक एकदम गप्प झालेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. कुणी उत्तर दिलं नाही. मीही वरून ओरडू शकलो असतो, पण ओरडलो नाही. पुढच्या बाकावरच्या त्या माळ्यानं उठून छडी उचलली आणि मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तर स्टुलावर बसले. पुढचा सगळा खेळ ते एक शब्द बोलले नाहीत, आणि एकानंही त्यांना बोला म्हटलं नाही. लोकांनी इंग्रजी चित्र तसंच, न कळता, शेवटपर्यंत पाहिलं.

थिएटर रिकामं झाल्यावर शेटजी खाली गेले, मागून मीही गेलो. मला वाटलं, आता ओरडतील. ते मास्तरांच्या शेजारी जमिनीवरच बसले. म्हणाले, "ये स्टूल तुमचाच राहील मास्तर. दुसरा कोई नहीं बैठेगा. पण तुम्हीबी आता बसू नका." मास्तर स्टुलाच्या फळीवरून हात फिरवत होते. मला रडू आलं. मी मशीन पुसायला वर गेलो.

पुढच्या रविवारपासून कॉलेजातला एक पोरगा उभं राहून बोलायला लागला. पहिल्या रिळातच खुनी कोण ते सांगून मोकळा व्हायचा. लोकांची तक्रार नव्हती. मास्तरांच्या नजरेचा उरलेला बांबूही त्या पावसाळ्यात बंद झाला. अकोल्याला जठारपेठेत भाभींच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहायला गेली. निघताना मास्तरांनी मला लवंगांची डबी दिली. आता बोलाचं नाही, घसा कायले राखू, म्हणाले.

मी त्यांना त्यानंतर एकदाच पाहिलं. मशीनचा एक भाग आणायला अकोल्याला गेलो होतो, तर उन्हाच्या वेळी जठारपेठेत वाट वाकडी केली. दुकानाच्या मागची गल्ली निर्मनुष्य होती. ओसरीवर मास्तर बसलेले, दाढी पांढरी झालेली, डोळ्यांत सुरमा नाही. लांबूनच ते दृश्य पाहिलं आणि माझे पाय थांबले. मला नुसतं सावरायचं होतं. मग पुन्हा चार पावलं गेलो आणि पुन्हा थांबलो.

माझ्या ध्यानात नव्हतं की माझ्या पायात आता चपला नव्हत्या. नवे बूट होते आणि त्यांना मोच्यानं लोखंडी नाल ठोकले होते.

मास्तर ताडकन उठले. भिंतीला पाठ लावली. छडी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "कोन हाये? कोन थांबलं तिथं?"

ज्या माणसानं अख्ख्या अमरावतीला भ्यायला शिकवलं, तो दुपारच्या उन्हात थरथरत होता. मी धावत जाऊन म्हटलं, "मास्तर, मी. नारायण. चंद्रविलासचा नारायण."

त्यांनी माझ्या हाताला, खांद्याला, तोंडाला हात लावून खात्री केली आणि मटकन खाली बसले. "बोलत येत जाय ना रे. मानसानं पयले आवाज द्यावा. ते सारं पडद्यावर बरं दिसते. पाय वाजते, थांबते, मानूस दिसत नाही. इथं रोज तेच चालते. दिवसभर पयलंच रीळ चालू राहते. पुढचं येतच नाही."

भाभी पाणी घेऊन आल्या. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मास्तर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "एक सांग. त्या दिवशी आरशात होता ना कोनीतरी? कसा होता थो?"

मी सांगितलं. उंच होता. टोपी पुढं ओढलेली. अर्धं तोंड उजेडात, अर्धं सावलीत.

"अन् डोये?"

"डोळे दिसत नव्हते मास्तर. टोपीच्या सावलीत होते."

त्यांनी मान हलवली. "मंग बराबर हाये. डोये त्यालेबी नव्हते," एवढंच म्हणाले.

गाडीची वेळ झाली तेव्हा मी उठलो. ओसरीवरून उतरलो, बुटाचा नाल फरशीवर वाजला आणि मास्तरांची मान तिरकी झाली. ते त्या पावलांच्या मागं जात होते. मी थांबलो असतो तरी त्यांना धसका बसला असता, आणि नुसता चालत गेलो असतो तरी.

म्हणून मी बोलत निघालो. "मास्तर, आता मी तुमच्या दारापाशी हाओ. आता भिंतीजवून चाललो. समोर एक बकरी बसली हाये. आता नळ आला. एक बाई घागर भरून राहिली, माह्याकडे पाहून राहिली, तिले वाटते हा येडा हाये." मी असाच मोठमोठ्यानं सांगत गल्लीच्या वळणापर्यंत गेलो. तिथं वळून पाहिलं तर मास्तर अजून उभेच होते, पण पाठ भिंतीपासून सुटली होती. वळल्यावर ते मला दिसेनासे झाले, तरी मी थांबलो नाही. रस्त्यात माणसं वळून बघत होती. मास्तरांना ऐकू जाईल तिथवर, आणि त्याच्याही पुढं थेट स्टेशनापर्यंत, मी एकटाच बोलत गेलो.